धाकट्यांना सगळं कळवणारा थोरला

बी. ए.ला इंग्रजी घेतलेल्या मैत्रिणींना जॉन कीट्स आठवत असेल तो दहा मार्कांच्या प्रश्नापुरता. बुलबुलावरची कविता, ग्रीक कलशावरची कविता आणि पंचविसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू. गाईडमध्ये एवढंच असायचं. मला हा माणूस आपलासा वाटला तो त्याच्या पत्रांमुळे. भावांना, भावजयीला, धाकट्या बहिणीला त्याने पानंच्या पानं लिहिली. कोण आजारी आहे, कोणाचं कोणाशी बिनसलं, शेजारच्या बाई काय म्हणाल्या, कोणाकडे जेवायला गेलो आणि तिथे कोण किती प्यायलं, असं सगळं त्यात आहे. आपल्याकडे ज्याला बायकांच्या गप्पा म्हणून नाक मुरडतात ना, अगदी त्याच गप्पा! आणि लिहिणारा कोण, तर इंग्रजीतला एवढा मोठा कवी.

ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची. इंग्लंडच्या गादीवर तेव्हा एकापाठोपाठ एक जॉर्ज नावाचे राजे बसत होते, म्हणून तो काळ जॉर्जियन काळ म्हणून ओळखला जातो. जॉन जन्मला 31 ऑक्टोबर 1795 रोजी लंडनमध्ये. आईच्या वडिलांचा घोडे भाड्याने देण्याचा तबेला होता, तो जॉनचे वडील सांभाळत. जॉनच्या पाठीवर जॉर्ज, मग टॉम, मग तान्हेपणीच गेलेला एक भाऊ आणि शेंडेफळ म्हणजे बहीण फॅनी. 1804 मध्ये वडील घोड्यावरून पडून गेले. आईने दोन-अडीच महिन्यांतच दुसरं लग्न केलं आणि मुलं आजीकडे आली. ते लग्न काही टिकलं नाही. आई परत आली ती खंगलेली, आणि 1810 मध्ये क्षयाने गेली. जॉन तेव्हा चौदा वर्षांचा होता. चार वर्षांनी आजीही गेली.

आजीने जाण्यापूर्वी नातवंडांची आणि पैशाअडक्याची व्यवस्था रिचर्ड अ‍ॅबी नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याकडे सोपवली होती. माणूस बाहेरून सज्जन, हिशेबी. पण पोरक्या मुलांचं मन म्हणून काही असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. फॅनीला त्याने आपल्या घरी ठेवून घेतलं. जॉनला एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीला घातलं, जॉर्जला आपल्याच पेढीत कारकून केलं. जॉन पुढे लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये शिकला, 1816 मध्ये औषधं देण्याचा परवानाही त्याने मिळवला, आणि मग मी कविताच करणार म्हणून बसला! अ‍ॅबीचं काय झालं असेल ते आपण समजू शकतो. जॉर्जही पेढीतून बाहेर पडला. तिघे भाऊ एकत्र बिऱ्हाड करून राहू लागले. आधी शहरात, मग 1817 मध्ये हॅम्पस्टेडला, वेल वॉक नावाच्या रस्त्यावर. घरमालक कोण होता, माहीत आहे? पोस्टमन! त्याची पोरं दिवसभर कालवा करायची आणि जॉन त्यातच लिहीत बसायचा.

त्या काळी पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. आपल्याकडच्या बेरंग पत्रासारखंच म्हणा. तेही अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचे. दोन कागद असले की दुप्पट. म्हणून लोक एकाच कागदावर काठोकाठ लिहीत, आणि जागा संपली की कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुन्हा लिहीत. अंतर्देशीय पत्राच्या घडीवर, कडेला, पत्त्याच्या बाजूला लिहून भरणाऱ्या आपल्या पिढीला ही काटकसर वेगळी सांगायला नको.

टॉमला क्षयाची बाधा झाली. हवापालटासाठी 1817 च्या हिवाळ्यात जॉर्ज त्याला घेऊन टिनमथ या समुद्रकाठच्या गावी गेला. लंडनला एकटा राहिलेला जॉन त्या दोघांना पत्रं लिहू लागला. नाटकाला गेलो होतो, अमक्या नटाचं काम असं झालं, नाताळच्या तमाशाला गर्दी होती. काही विनोदी लेखकांबरोबर जेवलो, सगळे फॅशनेबल बोलत होते, मला काही त्यांच्यात रमायला झालं नाही. 28 डिसेंबरला हेडन या चित्रकाराकडे मेजवानी होती. वर्डस्वर्थ आणि चार्ल्स लॅम्ब दोघेही हजर. तिथे स्टँप खात्याचा एक बडा अधिकारी वर्डस्वर्थपुढे गोंडा घोळायला आला, तर झिंगलेल्या लॅम्बने त्याची यथेच्छ टर उडवली. ही हकिगत जॉनने भावांना तिखटमीठ लावून कळवली आहे.

याच गप्पांच्या पत्रात, नाटक आणि जेवणावळींच्या मध्ये, त्याने कवीच्या वृत्तीविषयी एक विचार लिहिला. उत्तरं न मिळताही, घाई न करता, संशयात आणि गूढात राहता येणं हे मोठ्या कवीचं बळ. त्यावर पुढे विद्वानांनी ग्रंथ लिहिले. मूळ पत्र आज कुठेच नाही, कोणीतरी उतरवून घेतलेली नक्कल आहे. ती कोणी उतरवली ते पुढे येईलच. मला गंमत वाटते ती याची, की एवढा विचार त्याला सुचला तो आजारी भावाचं मन रमवताना. व्याख्यान द्यायला तो बसलाच नव्हता.

1818 हे वर्ष या घरावर घाला घालणारं ठरलं. मे महिन्यात जॉर्जने जॉर्जियाना वायली या अगदी कोवळ्या वयाच्या मुलीशी लग्न केलं आणि जूनमध्ये दोघं अमेरिकेला निघाली. इंग्लंडमध्ये जॉर्जला धड कामधंदा मिळत नव्हता. जॉन त्यांना लिव्हरपूलपर्यंत पोचवायला गेला आणि तिथून चार्ल्स ब्राऊन या मित्राबरोबर स्कॉटलंडच्या पायी प्रवासाला निघाला. रोज पाय दुखेपर्यंत चालायचं आणि रात्री खाणावळीत बसून टॉमला लिहायचं. भिजल्याचं, न आवडलेल्या जेवणाचं, बेन नेविस हा डोंगर कसा धापा टाकत चढलो त्याचं. टॉम इकडे अंथरुणावर पडून ती पत्रं वाचत होता.

जॉन घसा धरून परत आला तेव्हा टॉमचं काही खरं नव्हतं. ऑगस्टपासून जॉन त्याच्या उशाशी बसला. फॅनीला भावाला भेटायची ओढ होती, पण अ‍ॅबीच्या परवानगीशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. एकदा ती येऊन गेली आणि घरी गेल्यावर निरागसपणे बोलून गेली, की आम्ही टॉमकडेच नाही, आणखी कुठे कुठे जाऊन आलो. झालं! अ‍ॅबीला निमित्तच मिळालं आणि तो पुन्हा पाठवायला कुरकुरू लागला. तेव्हा जॉनने बहिणीला जे लिहिलं ते मला फार मोलाचं वाटतं. तू बोललीस यात तुझं काही चुकलं नाही, असं त्याने तिला आधी सांगितलं. काही माणसांच्या सहवासात लहानपण काढावं लागतं आणि ती आपल्याला लपवाछपवी करायला लावतात, दोष त्यांचा, असं समजावलं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे सांगणारा भाऊ स्वतः अवघा बावीस वर्षांचा होता.

टॉमची शुश्रूषा चालू असतानाच ऑक्टोबरात अमेरिकेला एक लांबलचक पत्र गेलं. टॉमची प्रकृती खालावत आहे हे जॉनने लपवलं नाही. पण पत्रभर रडला असता तर परमुलखातल्या त्या दोघांचं काय झालं असतं? म्हणून मग त्याने एक झकास बातमी दिली. रेनॉल्ड्स या मित्राच्या बहिणींकडे त्यांची एक चुलत-मावसबहीण राहायला आली होती. ईस्ट इंडीजकडची, दिसायला पौर्वात्य ऐटीची. आजोबांशी भांडून आश्रयाला आली तेव्हा या बहिणींना तिचा कोण पुळका! पण ती खोलीत शिरली की सगळ्या पुरुषांच्या माना तिकडे वळतात हे लक्षात आल्यावर हाच पुळका पार आटला आणि ती नखरेल, नाटकी ठरली. जॉनने हे सगळं मिश्किलपणे टिपलं आहे, आणि आपल्यालाही तिच्याशी बोलायला आवडतं हेही कबूल केलं आहे. भावजयीला दिवस गेल्याचं कळल्यावर त्याच पत्रात त्याने येणाऱ्या बाळासाठी एक अंगाईही लिहिली. हे बाळ अमेरिकेचं पहिलं कवी होणार, असा आशीर्वाद दिला.

1 डिसेंबर 1818 रोजी सकाळी टॉम गेला. एकोणिसावं नुकतंच पूर्ण झालं होतं. जॉन ब्राऊनच्या घरी गेला आणि झोपलेल्या ब्राऊनचा हात त्याने हातात घेतला. ब्राऊन काय ते समजला. इथे एकटा राहू नकोस, माझ्याकडे चल, म्हणाला. जॉर्जला ही बातमी कळवायचं बळ जॉनच्या अंगी नव्हतं. हॅस्लम या मित्राने ते काम आधी केलं. मग पंधरा दिवसांनी जॉनने लेखणी उचलली.

त्या पत्रात त्याने एक युक्ती सुचवली. दर रविवारी दहा वाजता मी शेक्सपिअरमधला एक उतारा वाचीन, तुम्हीही त्याच वेळी वाचा. म्हणजे एका खोलीत बसलेल्या आंधळ्या माणसांना जसा एकमेकांचा सुगावा लागतो, तसे आपण जवळ असू. पत्र पोचायला दोन-दोन महिने लागायचे हो. आई नाही, वडील नाहीत, माहेर म्हणावं असं घर नाही. कुटुंब म्हणून जे काही उरलं होतं ते या कागदांवर उरलं होतं आणि ते जॉनने एकट्याने धरून ठेवलं होतं. आपल्या घरांमधून हे काम सहसा एखादी मोठी बहीण किंवा आत्या करते. सगळ्यांची खुशाली तिलाच ठाऊक असते.

याच काळात त्याने शेजारच्या एका मुलीचा पहिल्यांदा उल्लेख केला. फॅनी ब्रॉन तिचं नाव. (बहीणही फॅनीच, पण या ब्रॉनकडच्या.) उंची माझ्याएवढी, नाक बरं, हात चांगले, पाय ठीकठाक, वागणं अल्लड, कधी कधी वात आणते. मुलगी पाहून आलेल्या मावशीने घरी येऊन सांगावं तसं हे वर्णन! वाचणाऱ्या बाईला यातलं मर्म तेव्हाच कळतं. एखाद्या मुलीचे दोष इतक्या बारकाईने मोजणारा मुलगा कामातून गेलेला असतो. पुढे तिच्याशी त्याचं लग्न ठरलं, पण उपलब्ध असलेल्या पत्रांत त्याने जॉर्जला ते कुठेच कळवलेलं नाही. साऱ्या गावाच्या बातम्या देणाऱ्याने स्वतःची तेवढी राखून ठेवली.

सगळ्यात मोठं पत्र 14 फेब्रुवारी ते 3 मे 1819 या काळात लिहिलेलं आहे. एकच पत्र, अडीच महिने! जसं सुचेल, घडेल तसं भर घालत गेला. जॉर्ज वस्तीवर सुखरूप पोचल्याचं पत्र अजून आलेलंच नव्हतं, तरी हा लिहीतच होता. क्रिकेट खेळताना डोळ्यावर चेंडू बसून डोळा काळानिळा झाला. डिल्क या मित्राला मुलाच्या शाळेशिवाय दुसरं काही सुचत नाही, मुलाला वेस्टमिन्स्टरच्या शाळेत घालायचं म्हणून सबंध बिऱ्हाड तिकडे हलवलं. (आजच्या आयांना यात काही विनोदी वाटणार नाही!) रस्त्यात कोलरिज कवी भेटला आणि दोन मैल चालता चालता अखंड बोलत राहिला. मी आत्ता शेकोटीकडे पाठ करून, एक पाय गालिच्यावर तिरका टेकून बसलो आहे, तुम्ही कसे बसला आहात ते कळवा. आपलं माणूस दूर असलं की आपल्यालाही हेच तर हवं असतं.

पण याच पत्रात एक कुरूप प्रकरणही आहे. टॉमची जुनी कागदपत्रं चाळताना जॉनला प्रेमपत्रांचा गठ्ठा सापडला. टॉम जिवंत असताना कोणा अमेना नावाच्या मुलीने ती लिहिली होती. प्रत्यक्षात अशी मुलगीच नव्हती. टॉमच्या शाळेतल्या चार्ल्स वेल्स या मित्राने चेष्टा म्हणून बाईच्या नावाने पत्रं लिहून त्या आजारी पोराला झुलवलं होतं. जॉनचा संताप अनावर झाला. पत्र हे त्याच्या घराचं आढं होतं, आणि कोणीतरी त्यातच साप सोडला होता. हा राग लिहून आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याने निष्ठुर सुंदरीवरची ती प्रसिद्ध कविता याच पत्रात उतरवली. काही अभ्यासक या दोन्हींचा संबंध जोडतात. मला तो पटतो.

आता पैशाचं. टॉमच्या वाटणीचे पैसे तिघा भावंडांत वाटायचे होते. तेवढ्यात मामीने, म्हणजे आईच्या भावाच्या विधवा बायकोने, कोर्टात जाण्याची धमकी दिली. अ‍ॅबीने लगेच हात आखडता घेतला. जॉनपाशी काही उरेना. मध्यंतरी तर हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजावर डॉक्टर म्हणून जावं असंही त्याच्या मनात आलं होतं. आला असता तर काय झालं असतं, कोण जाणे. तिकडे जॉर्जने ऑड्युबॉन या माणसाच्या नादाने एका बोटीत पैसे घातले आणि ते बुडाले. हाच ऑड्युबॉन पुढे पक्ष्यांच्या चित्रांसाठी जगप्रसिद्ध झाला. सप्टेंबर 1819 मध्ये जॉर्जचं ते पत्र आलं तेव्हा जॉन विंचेस्टरला होता. तडक लंडनला जाऊन त्याने अ‍ॅबीची गाठ घेतली, परत आला आणि जॉर्जला धीराचं पत्र लिहिलं. तशातही त्याने विंचेस्टरच्या गल्ल्यांचं वर्णन केलं. नेहमी नुकत्याच पुसलेल्या पायऱ्या, कुलीन कडीकोयंडे, जणू सगळ्या प्रौढ कुमारिकाच राहतात! शरद ऋतूवरची त्याची कविता याच आठवड्यातली.

जानेवारी 1820 मध्ये जॉर्ज पैशाची तजवीज करायला स्वतः लंडनला आला. मुक्काम तीन आठवड्यांचा. त्या दिवसांत तो जॉनच्या कवितांच्या नकला करत बसे, आणि शेजारी बसून जॉन अमेरिकेतल्या भावजयीला थट्टेचं पत्र लिहीत असे. हे चित्र मला फार सुंदर वाटतं आणि पुढचं आठवून पोटात तुटतं. जॉर्ज सुमारे सातशे पौंड घेऊन परत गेला. त्यातले किती त्याचे, किती जॉनचे, यावर आजही वाद आहेत. जॉनकडे जेमतेम साठ-सत्तर पौंड उरले आणि वर देणी होती. भावाला त्याने आपली अवस्था मोकळेपणाने सांगितली नाही, आणि जॉर्जनेही खोदून विचारलं नाही. डिल्कच्या पोराच्या शाळेपासून दाराच्या कड्यांपर्यंत सगळं कळवणाऱ्या या घरात नेमकं हेच बोलायचं राहिलं.

जॉर्ज गेल्यानंतर आठवडाही झाला नव्हता. 3 फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत जॉन पैसे वाचवायला गाडीच्या टपावर बसून घरी आला. रात्री खोकल्याबरोबर रक्त पडलं. डॉक्टरकी शिकलेला तो, मेणबत्ती मागवून त्याने रक्ताचा रंग पाहिला आणि काय ते ओळखलं. जॉर्ज अमेरिकेतून पैसे पाठवण्याचं कळवत राहिला, ते काही वेळेवर आले नाहीत. सप्टेंबरात जॉन सेव्हर्न या चित्रकार मित्राबरोबर रोमला निघाला. त्याचं आपल्याला माहीत असलेलं शेवटचं पत्र 30 नोव्हेंबर 1820 चं, ब्राऊनला. त्यातही निरोप भावंडांसाठीच आहेत. जॉर्जला माझी तब्येत कळव, फॅनीलाही दोन ओळी लिही, ती टॉमसारखी दिसते आणि सारखी डोळ्यांपुढे येते. 23 फेब्रुवारी 1821 रोजी रोममध्ये तो गेला. शेवटी शेवटी आलेली पत्रं त्याला उघडवत नव्हती. ती तशीच न फोडता त्याच्याबरोबर पुरली.

त्यानंतर सुरू झाली ती दुसऱ्या प्रकारची कुजबुज. जॉर्जने भावाला लुबाडलं, असं ब्राऊन उघड म्हणू लागला. डिल्क जॉर्जची बाजू घेई. एकेकाळी एकाच वास्तूच्या दोन भागांत राहणाऱ्या या दोन मित्रांचं याच कारणाने कायमचं फाटलं. समुद्रापलीकडच्या जॉर्जला हे कानावर येत होतं. तो लुईव्हिलमध्ये लाकडाच्या गिरणीवर वर आला, मोठं घर बांधलं, 1841 मध्ये त्याच क्षयाने गेला. मला विचाराल तर जॉर्ज दुष्ट नव्हता. बायको आणि तान्ही मुलगी परमुलखात ठेवून आलेला, बुडायला आलेला बावीस वर्षांचा पोरगा होता तो. पण भावाच्या चेहऱ्याकडे त्याने नीट पाहायला हवं होतं, हे मात्र मी म्हणेन.

फॅनी सज्ञान झाल्यावर तिने डिल्कच्या मदतीने अ‍ॅबीकडून आपले पैसे वसूल केले. आजोबांच्या वारशातले काही पैसे कोर्टात पडून होते, तेही तिने काढले. जॉनला त्या पैशांचा पत्ताच नव्हता. एका स्पॅनिश लेखकाशी लग्न करून ती माद्रिदला गेली आणि 1889 पर्यंत जगली. भावाची पत्रं तिने आयुष्यभर जपली.

अमेरिकेतली पत्रं जॉर्जियानाकडे राहिली. जॉर्जनंतर तिने जॉन जेफ्री या गृहस्थाशी लग्न केलं, आणि या दुसऱ्या नवऱ्याने कीट्सच्या चरित्रकारासाठी त्या पत्रांच्या नकला उतरवून इंग्लंडला पाठवल्या. वर सांगितलेल्या हरवलेल्या पत्राची नक्कल ती हीच. घाईत त्याने बराच मजकूर गाळलाही. घरगुती गप्पा कोणाला वाचायच्या आहेत, असं त्याला वाटलं असावं. 1882 मध्ये ऑस्कर वाइल्ड व्याख्यानासाठी लुईव्हिलला आला. त्याने कीट्सचं नाव घेतल्यावर व्याख्यान संपल्यानंतर एक प्रौढ बाई त्याला भेटायला आली. ती जॉर्जची मुलगी एमा. तिने त्याला घरी बोलावलं, काकाचे कागद दाखवले, आणि पुढे त्यातली एक कविता, काकाच्या हस्ताक्षरातली, त्याला भेट म्हणून पाठवून दिली.